कोठी वाजवून पाहायचं काम

बोटीवर नेट लागलं की पहिला कॉल यवतमाळकडं, घरी. परवा बाबांनी सरळच विचारलं, "अबे, तू तिकडं पान्यात काय करून रायला? मासे तं नाई पकडत ना?"

पाणाड्याच्या नारळावर भरोसा ठेवून दोन बोर कोरडे गेलेल्या माणसाला काय सांगू, की आम्ही प्रशांत महासागरात अडीच किलोमीटर पाण्याखाली अन् तळाच्याही दीड किलोमीटर खाली वितळलेला दगड शोधतोय? मग घरातली जवारीची टिनाची कोठी आठवली. आई वरून खाली टकटक करत येते, आवाज बदलला की समजायचं जवारी इथपर्यंत आहे. म्हटलं, "तेच करतो बाबा, कोठी तेवढी मोठी हाय."

आमची टकटक म्हणजे एअरगन, दाबलेल्या हवेचा धमाका, पंधरा-सोळा सेकंदाला एक, दिवसरात्र, पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही अन् आता ती बंद पडली की जाग येते (जवळ व्हेल दिसला की बंद करावीच लागते). मागं कित्येक किलोमीटरची केबल, तिच्यातले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले माइक, परतलेला आवाज ऐकतात. कडक दगडात लाट सेकंदाला पाच-सहा किलोमीटर पळते, वितळलेल्या दगडाचा रस लागला की वेग जवळपास निम्मा, म्हणून तिथून परतलेली लाट पडद्यावर उलटी दिसते, डोंगराच्या जागी खड्डा. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी आपलंच काहीतरी चुकलं समजून अर्धा तास सेटिंग शोधत बसलो!

अन् शाळेच्या पुस्तकातलं ते फुग्यासारखं मॅग्मा चेंबर विसरा बाप्पा. ईस्ट पॅसिफिक राइज, म्हणजे प्रशांत महासागराच्या तळावरची लांबलचक डोंगररांग, तिच्याखाली 1980च्या दशकातल्या सर्व्हेंपासून जे दिसतंय ते पोळीच्या पापुद्र्यासारखं आहे, रुंदी बऱ्याच जागी किलोमीटरभरच, जाडी शंभर मीटरच्या आतच. त्याच्या खाली नुसता गारा, खडे जास्त अन् रस कमी. पण तेवढासा रसही कमी नाही हं, 2005-06 मध्ये नऊ अंश उत्तर अक्षांशाजवळ तो समुद्राच्या तळावर आला, तेव्हा तिथं ठेवलेल्या 12 भूकंपमापकांपैकी त्या खेपेला 4च हाती लागले, बाकीचे बहुतेक लाव्ह्यात अडकले.

हे सगळं ऐकून बाबा म्हणे, "मंग आपल्या वावराखाली पाय ना."

मी म्हटलं आपला काळा दगडही इथल्यासारखा बेसॉल्टच, म्हणजे लाव्ह्याचाच आहे, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला, त्याच्याखाली आता रस नाही.

"रस कोनाले पायजे बे, पानी सांग."