सुके कपडे

एकपात्री म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गर्दी उभी राहते. पु. ल. एकटेच रंगमंचावर यायचे, पण येताना अख्खी बटाट्याची चाळ घेऊन यायचे. लक्ष्मण देशपांड्यांनी तर 52 पात्रांचं वऱ्हाड एकट्याने लंडनला नेलं. त्यामुळे ‘डॉक्टर हू’चा एक भाग जवळजवळ एकपात्री आहे असं कळलं, तेव्हा पीटर कपाल्डी आता आवाज बदलबदलून दहा माणसं उभी करणार, अशा तयारीने मी बसले होते.

तसं काहीच झालं नाही. एक माणूस, एक आवाज, एक रिकामा किल्ला.

ही ब्रिटिश मालिका 1963 मध्ये सुरू झाली. तिच्या नायकाचं शरीर संपलं की त्याला नवं मिळतं (आणि मालिकेला नवा नट). कपाल्डी हा बारावा डॉक्टर. 28 नोव्हेंबर 2015 ला दाखवलेल्या या भागाचं नाव ‘हेवन सेंट’. लेखन स्टीव्हन मोफॅटचं, दिग्दर्शन रेचल टॅलालेचं. आदल्याच भागात त्याची सोबतीण क्लारा गेलेली. आता समुद्राने वेढलेल्या किल्ल्यात हा एकटा, आणि त्याच्या मागे बुरख्यातलं एक भूत. अंगावर माशा घोंघावताहेत, चाल संथ, पण थांबणं ठाऊक नाही. विजेच्या बिलासारखं, सावकाश पण हमखास येणारं. आजवर कुणाला न सांगितलेलं खरं बोललं की ते थबकतं. त्याला एका टोकाला नेऊन दुसऱ्या टोकाला पळत गेलं की जास्तीत जास्त 82 मिनिटं मिळतात. तेवढ्यात जेवायचं, झोपायचं आणि काम करायचं. हे वेळापत्रक ऐकून मला हसू आलं. लोकलने ये-जा करणाऱ्या कुणालाही येईल.

पण माझा जीव अडकला तो कपड्यांत. भुताला चुकवताना तो खिडकीतून समुद्रात उडी मारतो, निथळत वर येतो, तर एका खोलीत शेकोटी पेटलेली आणि समोर कपडे वाळत घातलेले. हुबेहूब त्याच्याच मापाचे. तो ते चढवतो, स्वतःचे ओले त्याच जागी टांगतो आणि निघतो. कुणाचे कपडे, हे विचारायलाही थांबत नाही. पाण्याच्या तळाशी कवट्यांचा खच आहे, तो कुणाचा, हेही त्याला तेव्हा उमगत नाही.

सगळं त्याचंच. किल्ल्यातून बाहेर पडायच्या वाटेवर हिऱ्याच्या 400 पट कठीण पदार्थाची 20 फूट जाड भिंत आहे. तो तिच्यावर नुसत्या मुठीने चार ठोसे मारतो, भूत गाठतं, आणि मग मरायला दीड दिवस. तेवढ्यात सरपटत मनोऱ्यापर्यंत जायचं, उरलेला जीव जाळून यंत्राला ऊर्जा द्यायची आणि पहिल्या दिवशीचा स्वतः पुन्हा घडवायचा. नव्याला जुन्याचं काही आठवत नाही. मिळतो तो धुळीत बोटाने लिहिलेला एकच शब्द, ‘पक्षी’. आणि सुके कपडे.

मग पहिल्या खेपेला तिथे काय वाळत होतं? काहीच नसणार. म्हणजे त्या खेपेच्या डॉक्टरने स्वतःचे ओले कपडे तिथे सोडले आणि किल्लाभर बिचारा उघडाच फिरला! किल्ल्यातल्या खोल्या आपोआप पूर्ववत होतात, तर मग कपडे कसे राहतात, असंही कुणी विचारेल. विचारू दे.

‘पक्षी’ हा ग्रिम बंधूंच्या गोष्टीतला. हिऱ्याचा डोंगर, शंभर वर्षांनी एकदा चोच घासायला येणारा पक्षी. डोंगर झिजून संपला की अनंतकाळाचा पहिला क्षण सरला. आपल्याकडे संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात असाच योजनभर डोंगर आहे, पण तिथे शंभर वर्षांनी एकदा त्यावरून काशीचं तलम वस्त्र फिरवायचं. डोंगर संपेल, कल्प संपणार नाही. चोचीपेक्षा मला हे कापड जास्त पटतं. डॉक्टरला भिंत फोडायला किती काळ लागला, ते पुढच्या भागात कळतं: साडेचारशे कोटी वर्षं. पुराणातला ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटींचा. म्हणजे ब्रह्मदेव दिवा मालवून झोपला तरी हा भिंत ठोकतोच आहे.

तेही, जवळ असलेलं एक गुपित सांगून टाकलं असतं तर सुटका होती. मनातल्या मनात तो क्लाराशी बोलतो. ती पाठमोरी उभी राहून फळ्यावर खडूने प्रश्न लिहीत असते. एकदा तो पार मोडतो, आता हरू दे मला, म्हणतो. त्या जागी मी दर वेळी पाणी प्यायला उठते. पाणी प्यायचं नसतं.

परवा रात्री भाग संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. झोप अनावर झालेली, पण दूध कोमट होतं. विरजण लावलं, कालच्याच दह्याचं. काल ते परवाच्या दह्याचं लावलं होतं. वर झाकण ठेवलं. सकाळी जी कोणी उठेल, ती घाईत असणार. दही कुणी लावलं, हे काही ती विचारायची नाही.