काचेखाली काय ठेवावे

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर 10 मिलिमीटर जाडीची काच आहे. काचेखाली मऊ काहीतरी असावे एवढाच विचार करून मी तिच्या चारही कोपऱ्यांना फेल्टच्या, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या, चकत्या लावल्या होत्या. महिनाभरात काच बोटभर पुढे सरकली आणि तिची कड टेबलाबाहेर आली. यात फेल्टचा दोष नव्हता. जड सामान फरशीवरून अलगद सरकावे म्हणूनच तर ते त्याच्या पायांना लावतात. अशा काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो भरते, त्यामुळे ती आपल्याच भाराने जागेवर राहील हा माझा समज मात्र भाबडा होता.

घर्षण म्हटले की आपल्याला खरखरीतपणा आठवतो, पण काचेच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही. पॉलिश पेपरसारखा पृष्ठभाग गुळगुळीत काचेला केवळ आपल्या टोकांवर टेकतो, त्या टोकांना अडकायला तिथे काहीच नसते, आणि वर ओरखडे उठतात ते वेगळेच. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही, आणि ताणाखाली भेग बहुधा ओरखड्यापासूनच सुरू होते. रबर मऊ असल्यामुळे काचेला अंगभर लगटून बसते. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते हा शाळेतला नियम रबराला तंतोतंत लागू पडत नाही. तोच भार मोठ्या चकत्यांवर वाटला गेला तर पकड सहसा वाढते.

खात्री करण्यासाठी मी एका फळीवर चकत्या चिकटवल्या, त्यांवर काचेचा तुकडा ठेवला आणि फळी एका बाजूने उचलत गेलो. तुकडा ज्या कोनाला निसटतो त्याचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, म्हणून 45 अंश म्हणजे 1. फेल्टवरचा तुकडा लवकरच घसरला, तर सिलिकॉन रबरावरचा 45 अंश ओलांडूनही हलला नाही. त्याच सिलिकॉनवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळली, तेव्हा मात्र तो फेल्टपेक्षाही आधी खाली आला. साबणाने धुऊन कोरडे केल्यावर पकड परत आली.

काळ्या रबराचे डाग फिकट रंगावर उमटतात आणि मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारे रसायन) वॉर्निशमध्ये उतरतो, म्हणून मी सिलिकॉन निवडले. रबराचा कठीणपणा मोजणाऱ्या शोर ए मापावर 50 ते 60 कठीणपणा मला योग्य वाटला. त्याहून फार मऊ चकतीवर काच डुलते. खिडकीची काच कडेवर उभी असते आणि सारा भार दोन ठोकळ्यांवर येतो, त्यामुळे तिथे 80 ते 90 कठीणपणाचे निओप्रीन हे कृत्रिम रबर वापरतात, पण आडव्या काचेला एवढ्या कठीण आधाराची गरज नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. चिकट पाठीच्या चकत्यांची काचेवरची पकड चांगली असली, तरी उष्णतेने गोंद सैलावतो आणि चकतीच काचेला घेऊन हळूहळू सरकते. आता मी बिनगोंदाच्या सिलिकॉन चकत्या नुसत्याच ठेवतो आणि काच उचलली की त्यांच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून परत मांडतो.