इरादा नव्हता

काकांचा काळा कोट ड्रायक्लीनिंगला टाकायचा म्हणून खिसे चाचपले. निघालं ते एवढंच: एक लाकडी टी, बोटभर उरलेली पेन्सिल आणि कुणाच्या तरी भाडेपावतीची चार घड्यांची झेरॉक्स. टी म्हणजे गोल्फचा चेंडू टेकवायची खुंटी. काकू म्हणाली, "बघ, कोर्टातसुद्धा घेऊन जायचे." मी म्हटलं, "उलटही असेल. मैदानावर पावती घेऊन गेले असतील." तिनं क्षणभर विचार केला, "तेही खरं" म्हणाली आणि तिन्ही वस्तू होत्या तशा परत खिशात घातल्या. कोट काही धुवायला गेला नाही.

काका वकील म्हणून नावाजलेले आणि गोल्फर म्हणून बदनाम. उलटतपासणीला उभे राहिले की समोरच्याला घाम फुटायचा. तेच गृहस्थ रविवारी सकाळी एका पांढऱ्या चेंडूसमोर असे उभे राहायचे, की चेंडूच त्यांची उलटतपासणी घेतोय असं वाटावं. मी बाराएक वर्षांचा असल्यापासून त्यांची पिशवी उचलायला जायचो. पिशवीत चौदा काठ्या. त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, हा नियम १९३०च्या दशकाच्या अखेरीस आला. काकूनं एकदा विचारलं होतं, "मारायचं एकीनंच, मग चौदा कशाला?" काका म्हणाले, "अगं, एका दाव्यात चौदा साक्षीदार. एकही उपयोगाचा निघत नाही, म्हणून पुढचा बोलवायचा."

या खेळात त्यांना खरी गोडी होती ती नियमांची. पंच नसलेला खेळ. मोठ्या स्पर्धांना असतात, पण आपल्यासारख्यांच्या खेळात आरोपी आपण, साक्षीदार आपण आणि निकालही आपणच लिहायचा. त्यात त्यांचं सर्वांत लाडकं कलम म्हणजे फटक्याची व्याख्या. काठी फिरली म्हणून फटका होत नाही. चेंडू मारायच्या इराद्यानं फिरली पाहिजे. टीवर ठेवलेला चेंडू काठी टेकवताना चुकून धक्का लागून खाली पडला, तर तो फटका नाही. उचलायचा आणि पुन्हा ठेवायचा. काकांचा तर दर दोन होलला पडायचा. मित्र लांबून ओरडायचे, "एक!" काका शांतपणे वाकून चेंडू उचलत म्हणायचे, "इरादा नव्हता."

पण पूर्ण जोर लावून काठी फिरवली, हवा कापली गेली, गवत उडालं आणि चेंडू जागचा हलला नाही, तर तो मोजायचा. हेही व्हायचं. फार व्हायचं. मित्र झाडामागे चेंडू शोधण्यात गुंतलेले, पाहणारा मी एकटा, आणि मी तर पगारी नोकरच. तरी काका खिशातून पेन्सिल काढायचे. मी म्हणायचो, "काका, चेंडूला लागलंच नाही." ते म्हणायचे, "इरादा होता. चेंडूनं दाद दिली नाही, हा वेगळा मुद्दा."

लिहिलेले सर्वांत जुने नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. एकूण तेरा कलमं. काकांना ते तेराच्या तेरा पाठ होते. पुढे नियम वाढत चौतीसपर्यंत गेले आणि २०१९ साली चोवीसवर आणले गेले, तेव्हा काका बाररूममध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. "दुरुस्ती झाली आणि कलमं कमी झाली! हे बघायला जगलो." मात्र त्याच दुरुस्तीत हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आणली गेली, याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. "मी सबंध आयुष्य मुदतवाढीवर काढलं रे. आणि इथं अर्जच करता येत नाही."

त्यांच्या टेबलावर बॉबी जोन्सचा फोटो होता. पक्षकारांना तो एखादा जुना न्यायाधीश वाटायचा आणि काका तो गैरसमज दूर करत नसत. जोन्स हौशी खेळाडू, एक पैसा न घेता खेळणारा. १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून त्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून अंग काढून घेतलं. तोही वकील. त्याच्या १९२५च्या यूएस ओपनची गोष्ट काका नव्या ज्युनिअरला पहिल्याच आठवड्यात ऐकवायचे. उंच गवतात चेंडू किंचित हलला. कुणी पाहिलं नाही, अधिकाऱ्यांनीही नाही. जोन्सनं स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो एका फटक्यानं हरला. एवढं सांगून काका थांबायचे. ज्युनिअर भारावून काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हणायचे, "त्याच्यात आणि माझ्यात एवढंच साम्य की दोघं वकील. तो गोल्फमध्ये बरा होता. बाकी, तुझ्या कालच्या अर्जात तीन चुका आहेत. मी पाहिल्या. तू पाहिल्यास का?"

ज्युनिअर मंडळींवरून आठवलं. चेंडूवर खड्डे का असतात, असं मी एकदा विचारलं. पूर्वीचे रबरी चिकाचे चेंडू गुळगुळीत असायचे. वापरून त्यांच्यावर चरे पडले की ते जास्त लांब जातात, हे लोकांच्या लक्षात आलं. मग चेंडूवर मुद्दामच खाचा पाडायला लागले. काका म्हणाले, "नवा वकील असाच गुळगुळीत येतो. चार न्यायाधीशांनी ओरबाडला, की सरळ जायला लागतो."

घरी पॅसेजमध्ये एक हिरवी सतरंजी कायम अंथरलेली असायची आणि तिच्या टोकाला स्टीलचा एक ग्लास आडवा. तो काकांचा सराव. मैदानावरचं भोक सव्वाचार इंचांचं, ग्लासाचं तोंड तीन इंचांचं. म्हणजे घरी जमलं तर बाहेर ते भोक विहिरीएवढं दिसायला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. दिसायचं नाही. सतरंजीला अडखळून घरातला प्रत्येक जण एकदा तरी पडलेला आहे. काकू दोनदा. मुलींनी एकदा रीतसर तक्रार लिहून दिली, तेव्हा काकांनी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात, म्हणजे दोन खुर्च्यांच्या मध्ये, उभं राहून गुन्हा कबूल केला. धाकटीनं शिक्षा सुनावली, महिनाभर वेण्या घालून देण्याची. पहिल्या वेण्या कशा दिसत होत्या ते विचारू नका. पण महिना पुरा झाल्यावरही ती त्यांच्याकडूनच घालून घ्यायची.

एक रात्र मात्र मला वेगळी आठवते. परीक्षेसाठी मी त्यांच्याकडे राहायला होतो. एका म्हाताऱ्या भाडेकरूचा दावा काका त्या दिवशी हरले होते. सगळं एका पावतीवर अडलं होतं. जेवताना ते नेहमीसारखे बोलले, मुलींच्या गणितात नाक खुपसलं, काकूच्या एका वाक्यावर कोटीही केली. मग सगळे झोपले. एकच्या सुमाराला मला आवाज येऊ लागला. टक्. मग घरंगळण्याची बारीक खरखर. मग ग्लासात ठण्, किंवा भिंतीला ठप्. बहुतेक वेळा ठप्. टक्, खरखर, ठप्. मी दाराच्या फटीतून पाहिलं. बनियन, पायजमा, हातात पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे हलकेच ढकलायची काठी, आणि मान खाली. दिवा लावला नव्हता. बाथरूमचा उजेड तेवढा पडला होता. ते मोजत होते असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला इतकं वाईट खेळता येतं, तरी का खेळता?" प्रश्न असा वाकडाच बाहेर पडला. ते हसले. "कोर्टात मी हरलो, की घर दुसऱ्याचं जातं. इथं हरलो, तर चेंडू माझाच जातो." सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला आणि काकांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावायच्या गोष्टी सुरू केल्या.

परवा सगळे पाहुणे पांगल्यावर घर आवरायला घेतलं. सतरंजीला हात लावायची कुणाची हिंमत होईना. काकूच झाडू घेऊन पॅसेजमध्ये शिरली. कपाटाखालून कचऱ्याबरोबर एक चेंडू बाहेर आला, झाडूच्या धक्क्यानं सतरंजीवर चढला आणि चालला थेट ग्लासाकडे. आम्ही तिघं-चौघं बघतच राहिलो. ग्लासाच्या कडेला लागून तो वळला आणि भिंतीला टेकला. ठप्.

काकूनं आमच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातला पटर उचलला. उभ्या जन्मात तिनं तो कधी हातात धरला नव्हता, धरलाही झाडूसारखाच. चेंडू पायानं जरा नीट सरकवून घेतला. हे तर कुठल्याच कलमात बसत नाही. आणि हलकेच ढकलला. ठण्.

"दोन," मी म्हणालो.

"एक," काकू म्हणाली. "पहिला धरायचा नाही. इरादा नव्हता."