एलएलएमचं डेझर्टेशन आणि मावशीचा ५१वा कुर्ता

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडे बोंबाबोंब सुरू झाली, नेमकी तेव्हाच मी डेझर्टेशनचा, म्हणजे एलएलएमच्या प्रबंधाचा, विषय शोधत होते. म्हटलं हाच घ्यायचा. एका रात्रीत सिनॉप्सिस लिहिला, सगळा सूर चोर चोर असा. गाईड मॅडमनी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं, "जीआय नावाला की आकाराला?" तिथेच हवा गेली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्र-कर्नाटक दोघांना मिळून, पण तो जपतो मुख्यतः नाव, आणि शोमध्ये त्यांनी कोल्हापुरी म्हटलंच नव्हतं!

मग गाडी आली कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) वर. डिझाइन रजिस्टर होण्यासारखं असूनही केलं नाही, आणि औद्योगिक पद्धतीने ५० च्या वर नग काढले, की त्यावरचा कॉपीराइट खल्लास. फॅशन डिझायनर रितू कुमारची कंपनी २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टात बीबा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध इथेच अडली. उलट २००८ मध्ये डिझायनर तहिलियानींचं डिझाइन वाचलं, कारण त्यांचे नग ५० च्या आत होते. म्हणजे लाखाचा लेहेंगा सेफ, आणि दुकानातला कुर्ता उघड्यावर. माझ्या मते हा आकडाच चुकीच्या जागी बसलाय.

हे सगळं मावशीला सांगितलं, तिचं सांगलीत छोटं बुटीक आहे. तिचा एक कुर्ता ५१ वेळा गेलाय की नाही ते ती वहीत बघायला लागली, आता हाताने शिवलेलं ते औद्योगिक पद्धतीत बसतं का हा वेगळाच वाद. म्हटलं रजिस्टर कर, १० वर्षं मिळतात, वर ५ वाढवता येतात, पण इन्स्टावर टाकायच्या आधी करायला हवं होतं. ती म्हणाली, "अगं दिवाळी संपेस्तोवर तो कुर्ता जुना होतो, १५ वर्षं काय करू त्याचं?" माझा तिसरा चॅप्टर पूर्ण यावर उभा आहे.

सबमिशनच्या आठवड्यात सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, २३ टक्के! चालते १० पर्यंत. बघते तर कलमंच्या कलमं लाल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात कायद्याचा मजकूर मोजायचाच नसतो, पण ते छापून दाखवेपर्यंत कोणी ऐकेना. वगळल्यावर ८ आले.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ५१वा नग निघाला तर मूळ चित्राचं काय? म्हटलं सर, चित्र म्हणून त्याचा कॉपीराइट राहतो, कापडावरचा जातो, मायक्रोफायबर्सचा दिल्ली हायकोर्टाचा निकाल, २००९. ते हं म्हणाले आणि फूटनोटमधले स्वल्पविराम काढत बसले.