जपानहून सिंगलची मर्यादित आवृत्ती मागवताना: माझा अनुभव

जपानी गायिकेचं नवं सिंगल, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी सीडी, जाहीर झालं की मी आधी आवृत्त्या बघतो. एकच सीडी बहुधा दोन-तीन रूपांत निघते: साधी, पहिल्या खेपेपुरती मर्यादित, आणि गाणं अ‍ॅनिमेचं (जपानी अ‍ॅनिमेशनचं) असेल तर ठरावीक काळापुरतीच काढलेली. फोटोवरून गफलत होते. कॅटलॉग क्रमांक, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, बघावा. त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन पुढचा आकडा जोडलेला असेल, तर आत बहुधा दोन डिस्क असतात, म्हणजे सीडीसोबत डीव्हीडी किंवा ब्लू-रे.

गाणं ऐकायला मिळतं तेव्हा सीडी आलेली असतेच असं नाही. एमे (Aimer) या जपानी गायिकेचं ‘झान्क्योसान्का’ ६ डिसेंबर २०२१ ला डिजिटल आलं, सीडी १२ जानेवारी २०२२ ला. तो बुधवार होता. जपानी सिंगल बहुतेक बुधवारीच निघतात. मर्यादित आवृत्ती मात्र कधीकधी त्याआधी आगाऊ नोंदणीतच संपते, म्हणून घोषणेच्याच दिवशी नोंदवलेली बरी.

नुसत्या सीडीवर सवलतीची वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. नव्या सीडीची किंमत तिथे कंपनी ठरवते, दुकानाला ती सहसा उतरवता येत नाही; डीव्हीडी किंवा ब्लू-रे जोडलेल्या आवृत्तीला मात्र हे बंधन नसतं. म्हणूनच दुकानांची चढाओढ भेटवस्तूंवर चालते: क्लिअर फाइल, पोस्टकार्ड, स्टिकर. मला ही पद्धत मनापासून आवडते, पण परदेशी ऑर्डरला भेट मिळेलच असं नाही; वस्तूच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय का ते वाचावं. पोस्टर शक्यतो टाळतो, नळीमुळे पार्सल वाढतं. सीडीसोबत कधीकधी मिळणारा, कार्यक्रमाच्या सोडतीचा अनुक्रमांकही बहुधा कामाचा नसतो, कारण अर्जाला जपानी पत्ता किंवा फोन लागतो.

दोन वेगवेगळ्या तारखांची सिंगल्स एका ऑर्डरमध्ये घातली तर पार्सल सहसा उशिराच्या सिंगलसाठी थांबतं. काही दुकानं पैसे माल निघतानाच कापतात, त्यामुळे कार्डवर परदेशी व्यवहार तोवर चालू ठेवावे लागतात. व्यवहार फसला की नोंदणी रद्द होऊ शकते. परदेशात माल पाठवणारी दुकानं तिथला १० टक्के उपभोग कर सहसा लावत नाहीत, मात्र इथलं, म्हणजे भारतातलं, सीमाशुल्क वस्तू, वाहतूक आणि विमा या एकूण रकमेवर मोजलं जातं. कुरिअरने मागवलं तर केवायसीची कागदपत्रं आधीच तयार ठेवतो, नाहीतर पार्सल सीमाशुल्कात अडकतं.

डीव्हीडीचा रीजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते याचा क्रमांक, पैसे भरण्याआधीच तपासावा: जपानचा २, भारताचा ५. ब्लू-रेला तिथे ए, इथे सी. रीजनचं बंधन असलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. गाणीच हवी असतील तर साधी आवृत्ती पुरते. ऑडिओ सीडीला रीजन नसतो.