तुम्ही विचारलंत म्हणून: वायर लागली आहे, पण किती वेगाने?

“राउटरला वायर लावली आहे, तरी नेट एवढं हळू का?” हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की हल्ली मी आधी उलट विचारते: ती वायर शंभरवर लागली आहे की हजारवर, म्हणजे 100 एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट) की 1000 वर? पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते. असं काही बघता येतं हेच सांगितलेलं नसतं कुणी. वाय-फायच्या कांड्या फोनवर दिवसभर डोळ्यांसमोर असतात. वायरीचं तसं नाही. प्लग खटकन बसतो, पोर्टाचा दिवा लागतो आणि आपण निर्धास्त होतो. दिवा एवढंच सांगतो की लिंक, म्हणजे दोन टोकांची जोडणी, लागली. किती वेगाने लागली ते वेगळं बघावं लागतं.

हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण या एका आकड्याअभावी लोक आठवडेच्या आठवडे स्वतःला दोष देत बसतात. माझ्या मावशीचंच झालं. ती घरून गणिताचे वर्ग घेते. कनेक्शन 300 एमबीपीएसचं, कॉम्प्युटर थेट वायरीवर, आणि स्पीड टेस्ट काही केल्या 94 च्या वर जाईना. सेवा देणाऱ्यांना तीनदा फोन करून झाला, तिन्ही वेळा राउटर बंद करून चालू करायला सांगितलं गेलं. शेवटी मला म्हणाली, “अगं, मला यातलं काही कळत नाही, माझंच काहीतरी चुकत असेल.” मला फार वाईट वाटलं. कारण 94 हा आकडा ऐकल्याबरोबर दुखणं कुठे आहे ते जवळजवळ कळलं होतं.

हा 94 कुठून येतो ते बघा. इथरनेटवर, म्हणजे वायरीच्या या जोडणीवर, डेटा पुड्या बांधून जातो. भरलेली एक पुडी तारेवर 1538 बाइटांची जागा घेते: 1500 आतला माल, बाकी पत्ता, तपासणीचे आकडे, पुडीआधीची खूण आणि दोन पुड्यांमधलं अंतर. त्या 1500 मध्येही काही बाइट आयपी आणि टीसीपी या इंटरनेटच्या नियमांना लागणाऱ्या मथळ्यांत जातात. आपल्या हाती उरतात सुमारे 1450. म्हणजे लिंक 100 ची असेल तर स्पीड टेस्टला 94-95 दिसणार, आणि 1000 ची असेल तर साधारण 940. इंटरनेटचा वेग एरवी वेळेनुसार वरखाली होतो. सकाळी, दुपारी, मध्यरात्री टेस्ट करूनही आकडा 93 ते 95 मध्येच अडकत असेल, तर वाटेत कुठेतरी एक लिंक 100 वर लागली आहे, असं मी डोळे मिटून सांगते. डाउनलोड करताना सेकंदाला साडेअकरा मेगाबाइटच्या आसपास अडकत असेल तर तेही हेच आहे, फक्त मोजमाप बिटांऐवजी बाइटांत.

आता बघायचं कसं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, नाहीतर राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. पासवर्ड देऊन आत गेलात की स्टेटस, नेटवर्क, लॅन अशा नावांची पानं दिसतात. प्रत्येक कंपनी हे वेगळ्या ठिकाणी लपवते. तुम्हाला हवा आहे पोर्टांचा तक्ता किंवा पोर्टांचं चित्र: लॅन 1, लॅन 2, लॅन 3, लॅन 4 (घरातल्या उपकरणांसाठी) आणि वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी). प्रत्येकासमोर ‘1000 फुल’, ‘100 फुल’ किंवा नुसतंच ‘डाउन’ असं काहीतरी असतं. फुल म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा, हाफ म्हणजे आळीपाळीने, आणि डाउन म्हणजे लिंकच नाही. काही साध्या मॉडेलांत फक्त ‘कनेक्टेड’ एवढंच लिहितात. त्याने काही कळत नाही. तेव्हा वायरीच्या दुसऱ्या टोकाला विचारायचं.

दुसऱ्या टोकाला विचारणं मला तसंही जास्त आवडतं, कारण कॉम्प्युटर मोकळेपणाने सांगतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे ‘लिंक स्पीड’ची ओळ असते, 1000/1000 किंवा 100/100. मॅकवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या तपशिलात हार्डवेअरचा भाग उघडला की स्पीड आणि ड्युप्लेक्स (फुल की हाफ) दोन्ही दिसतात. लिनक्सवर इथटूल (ethtool) नावाची आज्ञा आहे, आणि माझी सगळ्यात लाडकी तीच. ती वेग सांगतेच, शिवाय पलीकडच्या टोकाने काय काय देऊ केलं होतं त्याची यादीही दाखवते. तुमचं कार्ड 1000 चं, पलीकडच्यानेही 1000 देऊ केलं होतं आणि तरी लिंक 100 वर लागली, तर संशय केबलवर घ्यायचा. पलीकडच्याने 1000 देऊ केलंच नसेल, तर केबल बदलून काही होणार नाही. ते उपकरणच 100 चं आहे किंवा त्याच्या सेटिंगमध्ये कुणीतरी हात घातला आहे.

ज्यांनी राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी (OpenWrt) हे मोफत सॉफ्टवेअर घातलं आहे त्यांना एक सावधगिरीची सूचना. जुन्या धाटणीच्या मांडणीत ईटीएच-0 (eth0) या नावाच्या जोडणीला इथटूलने विचारलंत तर ते बहुधा 1000च सांगेल, मागचे सगळे पोर्ट रिकामे असले तरी. तो आकडा राउटरच्या प्रोसेसरपासून आतल्या स्विच चिपपर्यंतच्या जोडणीचा असतो, तुमच्या वायरीचा नसतो. तिथे एसडब्ल्यूकॉन्फिग (swconfig) ही आज्ञा वापरून स्विचच्या एकेका पोर्टाला विचारावं लागतं. नव्या मांडणीत लॅन 1, लॅन 2 असे पोर्ट स्वतंत्र नावांनी दिसतात, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून घालवली आहे.

दिव्यांच्या रंगांवरूनही ओळखता येतं, पण जपून. एका कंपनीचा हिरवा म्हणजे 1000 आणि पिवळा म्हणजे 100, दुसरीकडे बरोबर उलटं, तिसरीकडे एकच रंग. आपल्या राउटरचा रंग ओळखायचा असेल तर 1000 वर लागतोच अशी खात्री असलेला एखादा लॅपटॉप चांगल्या केबलने जोडून रंग बघून ठेवा. लुकलुकणं म्हणजे डेटाची ये-जा, त्याचा वेगाशी संबंध नाही.

मग 1000 चे 100 का होतात? मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतो तो हाच भाग.

वायर जोडली की डेटा जायच्या आधी दोन्ही टोकांच्या चिप एकमेकींशी बोलून घेतात. बारीक स्पंदनांचे झुपके पाठवून एक सांगते, मला 10, 100, 1000 जमतं. दुसरी आपली यादी सांगते. आणि दोघींना जमणारा सगळ्यात वरचा वेग ठरतो. याला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. केबलमध्ये तारा आठ, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. 1995 चं 100 चं प्रमाण त्यातल्या दोनच जोड्या वापरतं: 1-2 आणि 3-6 या पिनांवरच्या. एक पाठवायला, एक घ्यायला. 1999 मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट, म्हणजे 1000 चं प्रमाण, आलं ते चारही जोड्या एकदम, दोन्ही दिशांनी वापरतं. प्रत्येक जोडीवर 250. आणि गंमत अशी की आधीचं ते बोलणं मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच होतं. समजा 8 नंबरची तार तुटली आहे. बोलणं नीट पार पडतं, दोघी 1000 वर राजी होतात, चारही जोड्या वापरायला जातात आणि तिथे अडतात. पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा अडतात. बऱ्याच चिप मग आपणहून एक पायरी उतरून 100 वर लिंक लावतात. यालाच डाउनशिफ्ट म्हणतात. ज्यांना ही सोय नाही त्यांचा दिवा लागतो-विझतो, किंवा लिंक लागतच नाही.

म्हणून अर्धी मेलेली केबल निरोगी दिसते. दिवा लागलेला, पानं उघडणारी, व्हिडिओ चालणारा. तक्रार फक्त “जरा हळू आहे” एवढीच.

मावशीकडे गेले तेव्हा राउटरच्या पानावर तिसऱ्या पोर्टासमोर ‘100 फुल’ होतं. कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे. कपाटामागून केबलचं टोक बाहेर काढलं आणि प्लग खिडकीच्या उजेडात धरला. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकमध्ये सात तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली होती. आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर आधीच थांबली होती. तिच्यावरची सोनेरी पात खाली दाबलेली होती, पण रिकाम्या जागेत. मावशीने चष्मा लावून बघितलं आणि बोट ठेवलं, “ही पोचलीच नाही की गं.” प्लग कापला, आठही तारा पुन्हा क्रमाने लावल्या, एका रेषेत छाटल्या, नवा प्लग चढवून अवजाराने दाबून बसवला, म्हणजे क्रिम्प केला. केबल लावल्यावर दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, मग दिवा पिवळ्याऐवजी हिरवा लागला. पान रिफ्रेश केलं तर 1000 फुल. स्पीड टेस्ट 300 च्या जवळ गेली. मावशीने ती लागोपाठ तीनदा करून बघितली.

तुमच्याकडे क्रिम्पिंगचं अवजार नसेल तर हे सगळं करायची गरज नाही. दुसरी, चालते हे माहीत असलेली केबल लावा आणि आकडा बघा. मग तीच केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एवढ्याने केबल, पोर्ट की उपकरण हे उलगडतं. काही राउटर आणि स्विचमध्ये केबल टेस्टची सोय असते. ती तारेत स्पंदन सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तार किती मीटरवर तुटली आहे ते सांगते. भिंतीतून गेलेल्या केबलला हे वरदान आहे.

100 दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, हेही सांगायला हवं. पुष्कळ टीव्हींचा वायरीचा पोर्ट मुळातच 100 चा असतो. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचंही तेच. 4के चित्रपटाला साधारण 25 एमबीपीएस पुरतात, त्यामुळे टीव्ही 100 वर सुखी आहे. झोपलेला कॉम्प्युटर वीज वाचवायला लिंक 10 किंवा 100 वर आणून ठेवतो, म्हणून आकडा बघताना तो जागा असू द्या.

‘हाफ’ हा शब्द दिसला तर मात्र थांबा. आजच्या घरात ‘100 हाफ’ दिसायचं कारण नाही. बहुतेकदा कुणीतरी एका टोकाला वेग हाताने ‘100 फुल’ असा बांधून ठेवलेला असतो. त्या टोकाचं बोलणं बंद होतं. समोरच्याला सिग्नलवरून 100 ओळखता येतं, पण फुल की हाफ ते कळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. मग एकजण हवं तेव्हा पाठवतो, दुसरा त्याला टक्कर समजून थांबत राहतो. लिंक आहे, पिंगही (पलीकडे कुणी आहे का ते विचारणारा छोटा निरोप) जातं, पण मोठी फाइल चालवली की सगळं गुदमरतं. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा. गिगाबिटला तर तांब्यावर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे.

आणि लॅनचे पोर्ट बघताना वॅन विसरू नका. तिथे सगळ्यात कमी लोक बघतात. बाहेरून फायबर येऊन ज्या डब्याला लागते, त्या डब्यापासून राउटरच्या वॅन पोर्टापर्यंत एक वीतभर केबल असते. ती 100 वर लागली की सगळं घर 100 वर येतं, वाय-फायसुद्धा. माझ्या एका मित्राने या कारणाने राउटर बदलला, तो महागातला आणला, आणि आकडा पुन्हा 94. मी फोनवर त्याला वॅनची ओळ वाचायला सांगितली. 100 फुल. जुना राउटर काढून नवा लावताना वीतभर केबल तीच राहिली होती. ड्रॉवरमध्ये सापडलेली, पातळ, चपटी. प्लगमध्ये बघितलं तर आठ जागांपैकी चारच भरलेल्या; त्या केबलमध्ये चारच तारा होत्या, ती 1000 वर लागूच शकत नव्हती. दुसरी लावल्यावर काम झालं. तो ती परत ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाला होता. मी त्याला फोन ठेवू दिला नाही, आधी कात्री घेऊन तिचे दोन्ही प्लग कापायला लावले.