रात्री अकरा ते सकाळी सात

नीट चालणाऱ्या एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला, ओल्या मातीचा वास येतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण एरेशन टँकवर, म्हणजे जिवाणूंना हवा पुरवतात त्या टाकीवर, वाकल्यावर तो मातकट वास आला आणि पाणी घट्ट चहासारखं तपकिरी दिसलं, की माझी अर्धी तपासणी तिथंच होते. इंदूरमधल्या विजयनगरच्या बाजूच्या एका हॉटेलच्या तळघरात मात्र त्या दुपारी सडक्या अंड्यांचा वास होता आणि पाणी राखाडी होतं.

तक्रार फ्लशच्या पाण्याची होती. शुद्ध केलेलं पाणी खोल्यांच्या फ्लशला आणि बागेला परत वापरायचं, अशी तिथली योजना. योजना चांगलीच आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून येतं, ते फ्लशमध्ये ओतणं मला आजही खटकतं. पण परत येणारं पाणी पिवळट होतं आणि वास मारत होतं. माझ्याआधी एक विक्रेता जिवाणूंच्या कल्चरची पावडर देऊन, वर गूळ टाकायला सांगून गेला होता. या पावडरी भरपूर खपतात. आधीचे जिवाणू कशानं मेले, हे मात्र कुणी विचारत नाही.

एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवलं. निरोगी प्लांटमध्ये तेवढ्या वेळात २५० ते ४०० मिलीलीटर गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. इथं जेमतेम ५० बसला, वरचं पाणी गढूळच. विरघळलेला ऑक्सिजन मात्र लिटरला साडेचार मिलीग्रॅम. मॅनेजर रामबागेतले, मराठीच. मीटर पाहून म्हणाले, "दोन पुरतो ना मॅडम? मग हे तर उत्तमच." याच आकड्यावर बरेच जण फसतात. गाळ म्हणजेच जिवाणू. तेच उरले नाहीत, तर हवा वापरणार कोण? ती पाण्यात तशीच शिल्लक दिसते.

लॉगबुकात रोज एकच मजकूर: पीएच ७.२, ब्लोअर २४ तास. एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरल्यासारखा. म्हणून मी पॅनलवरचे, यंत्र किती तास चाललं ते मोजणारे अवर मीटर पाहिले. टाकीत हवा सोडणारे दोन ब्लोअर आळीपाळीनं चालतात, म्हणजे तीस दिवसांत दोघांचे मिळून ७२० तास व्हायला हवेत. गेल्या सर्व्हिसच्या नोंदीपासून मोजले तर महिन्याला ४८० च्या आसपास येत होते. रोजचे आठ तास गायब.

ऑपरेटर काका बऱ्हाणपूरकडचे, एजन्सीमार्फत लागलेले. विचारल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. "ताई, रात्री अकराला बंद करायचा, सकाळी सातला चालू. वरून सांगितलंय." ब्लोअर रूमची जाळी नेमकी मागच्या खोल्यांखाली उघडते, रात्रभर घरघर ऐकू येते म्हणून पाहुणे तक्रार करायचे. ब्लोअरवर आवाज रोखणारी पेटी बसवायची, तर ती बांधतानाच खर्चातून वगळलेली. आर्किटेक्ट आधी पार्किंग आखतात आणि उरलेल्या कोपऱ्यात एसटीपी कोंबतात. त्याची किंमत पुढे असे काका मोजतात.

ऑफिसच्या इमारतीत रात्री मैला येतच नाही, तिथं हवा थोडी कमी करून निभावतं. माणशी ४५ लिटर धरायचे आणि तेही दिवसाउजेडी. हॉटेलचं घड्याळ उलटं. लग्नाच्या हंगामात हॉलमधली जेवणं अकराला आटोपतात आणि स्वयंपाकघर धुणं त्यानंतर सुरू होतं. दिवसातलं सर्वांत जड, सर्वांत तेलकट पाणी ब्लोअर बंद झाल्यावरच टाकीत उतरत होतं. जिवाणू रोज रात्री गुदमरत होते. इक्वलायझेशन टँकची, म्हणजे मैला आधी साठतो त्या टाकीची, हवाही त्याच ब्लोअरवर, त्यामुळे तिथं पाणी सडून हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, साठत होता.

आवाजाच्या तक्रारीवरून प्लांट मरतो, हे मी आधीही पाहिलं आहे. मी अडकले आहे ते पुढच्या बोलण्यात.

गॅस मीटर काढताना मी सहज म्हटलं, "काका, सकाळी आत शिरताना वास सहन होतो?"

"सुरुवातीला यायचा ताई. आता नाही येत."

माझा हात तिथंच थांबला. हा वायू प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मारतो. १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास वास येणं बंद होतं, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. मॅनहोलमधून मीटर खाली सोडला तेव्हा ६० च्या वर जाऊन किंचाळत होता, तेही ब्लोअर तासन् तास चालू असताना. सकाळी सातला तिथं किती असेल? आणि पंप अडकला की काका आत उतरायचे, दोरीशिवाय, एकटेच.

मी सगळ्यांना वर काढलं आणि मॅनेजरना तिथंच उभं करून सांगितलं. २०१३ च्या कायद्यानं अशा टाकीत माणसाला साधनांशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे, हे ऐकून ते नुसती मान हलवत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली मृत्यूची भरपाई ३० लाख केली, हे सांगितल्यावर मात्र त्यांनी फोन काढून मालकांना लावला. माणसाच्या जिवाआधी आकडा ऐकू जावा, याचा राग अजून गेलेला नाही.

पुढचं झपाट्यानं झालं. ब्लोअरला पेटी बसली, तो चोवीस तास चालू झाला, दुसऱ्या प्लांटमधून टँकरनं जिवंत गाळ आणला, स्वयंपाकघराचं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप रोज साफ होऊ लागला. काही आठवड्यांत मोजपात्रात तपकिरी गाळ बसायला लागला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं की ब्लोअर बंद करण्याचा आदेश व्यवस्थापनाचा होता आणि ऑपरेटरची छाती व डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. त्यावर एजन्सीनं काकांनाच बदललं. आदेश देणारे आहेत तिथंच आहेत. नव्या मुलाचं लॉगबुक उघडलं, तर पीएच रोज ७.२.

काका आता एका मॉलच्या प्लांटवर आहेत, एवढं कळलं. फोनवर म्हणाले, "बरंय ताई, इथं वास अजिबात नाही." ते काम आमच्याकडे नाही. तरी गॅस मीटर घेऊन या आठवड्यात तिकडे जाणार आहे, आणि तिथल्या व्यवस्थापनाशी आत्ताच बोलणं लावलंय.